मार्चमध्ये उचललेली गाडी

दादाचा फोन आला. "रविवारी सकाळी येशील का गं मंजू? गाडी उचलायचीय. ब्रेकचे पॅड बदलून टाकतो. तू नुसती उभी राहा."

गेली कित्येक वर्षं माझं काम तेवढंच आहे. सुरतच्या डिंडोलीतल्या आमच्या माहेरच्या घरी दादा गाडी जॅकवर घेतो, तेव्हा मी घराचं दार आणि गाडी यांच्या मधे उभी राहते. पाना देत नाही, बोल्ट धरत नाही. कोणाला गाडीजवळ येऊ देत नाही, बस. वहिनी कधी कधी म्हणते, "मंजूताई, तुम्ही असं तोंड करता की जणू भाऊ ऑपरेशन थिएटरात गेलाय." म्हणते, आणि मग स्वतःच विषय बदलते. कारण तो आवाज तिनंही ऐकलेला आहे.

फोन ठेवला आणि खिडकीबाहेर पाहिलं. शाळेच्या आवारातल्या कडुलिंबाची पिवळी पानं झडत होती. सुरतचा मार्च असाच येतो. सकाळी थोडा गारवा, आणि मग वारा एकदम पडतो. बमरोली-पांडेसराकडून बॉयलरच्या धुराचा जड वास येऊन छपरांवर बसतो. त्यात लिंबाच्या मोहराचा कडवट गोडसर वास मिसळतो आणि दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. वर्गात परीक्षा चालू असते. पंखा फिरत असतो, मुलं माना खाली घालून लिहीत असतात, मधेच कोणीतरी पुरवणी मागायला हात वर करतं. मी शिक्षिका. ही शांतता माझ्या सवयीची आहे. तरी मार्चमधली शांतता मला आवडत नाही. काहीतरी हळूहळू एका बाजूला कलतंय आणि आपल्याला ते दिसत नाहीये, असं वाटत राहतं.

आमच्या आबांच्या आयुष्यात मार्च हा वेगळाच महिना होता. आबा नंदुरबारकडचे. तरुणपणी नोकरीसाठी सुरतला आले आणि सरकारी तिजोरीच्या कचेरीत लागले. कागदपत्रांत वर्ष संपायचं ते मार्चमध्ये, त्यामुळे घरात दिवाळीपेक्षा जास्त बोलबाला ‘मार्च एंडिंग’चा असे. त्या दिवसांत आबा घरी असून नसायचे. ताटात भाकरी कुस्करायची, पण नजर भिंतीपलीकडे. आम्ही भावंडं आवाज न करता अभ्यास करायचो आणि आई आमच्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवायची. मार्च संपला की ते एकदम हसरे व्हायचे, आम्हाला तापीच्या काठी फिरायला न्यायचे. लहानपणी मला खरंच वाटायचं की मार्च हा आबांना दरवर्षी होणारा ताप आहे.

निवृत्तीच्या थोडं आधी त्यांनी गाडी घेतली. छोटी, पांढरी. ती बाहेर काढायची त्यांची ठरलेली पद्धत होती. बसायचं, दार धाडकन ओढायचं, रुमालानं समोरची काच आतून पुसायची, आरसा नीट करायचा, आणि मग किल्ली न लावताच हँडब्रेक सोडायचा. आमच्या पार्किंगला रस्त्याच्या बाजूला ढाळ आहे. गाडी आपोआप मागे सरकत फाटकाबाहेर जायची आणि रस्त्यावर पोचल्यावर आबा ती सुरू करायचे. "सकाळी सकाळी इंजिनाला कशाला त्रास?" म्हणायचे. दादा चिडायचा. मला मात्र ती बिनआवाजाची, मागे मागे जाणारी गाडी पाहायला आवडायची.

आई गेली त्यानंतरच्या हिवाळ्यात आबांचं काहीतरी बिनसायला लागलं. सुरुवातीला आम्ही त्याला दुःख म्हटलं. ते चपला फ्रीजजवळ काढून ठेवायचे आणि दारात शोधत बसायचे. दूध आणायला गेले की दूध घेऊन यायचे, पण शेजारच्या जशुबेनच्या घरात शिरायचे. जशुबेन हसून हात धरून आणून सोडायच्या. एकदा आम्ही उधन्याहून परतत होतो. रोजचं वळण आलं आणि आबांनी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. मागून हॉर्न वाजत होते. "आबा, डावीकडे," मी म्हटलं. "माहितीये," ते म्हणाले, पण गाडी हलवली नाही. त्यांच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब आले होते. घरी आल्यावर दादानं किल्ली आपल्या खिशात ठेवली. आबांनी ती मागितली नाही. मला त्याचंच जास्त भय वाटलं.

आणि मग मार्च लागला.

एका सकाळी आबा अंघोळ करून, दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून खिशाला पेन लावून खाली आले. हातात डब्याची पिशवी. वहिनीनं विचारलं, "आबा, कुठं निघालात?"

"ऑफिसला. मार्च एंडिंग आहे ना."

त्यांना निवृत्त होऊन दोन वर्षं उलटली होती. वहिनीनं कसंबसं समजावून बसवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लिंबाची पानं झडत होती, ऊन रोज थोडं पुढे सरकत होतं, आणि आमच्या घरात रोज सकाळी एक माणूस संपून गेलेल्या नोकरीवर निघत होता. मी तेव्हा जवळच दोन गल्ल्या सोडून राहायचे. सकाळी शाळेत जाण्याआधी एक चक्कर टाकायचे. फाटकातून आत येताना आधी ओट्याकडे बघायचे. आबा बनियनमध्ये दिसले की जीव भांड्यात पडायचा. शर्टात दिसले की शाळेला उशीर ठरलेला.

दादा पलसाण्याच्या एका कापड रंगवण्याच्या युनिटमध्ये सुपरवायझर होता. आठवडाभर मशीनच्या गरम वाफेत, आणि रविवारी गाडीखाली. गाडी गॅरेजला द्यायला त्याला आवडायचं नाही. "त्यांना घाई असते. आपली गाडी आपण बघितली की तिच्या पोटात काय चाललंय ते कळतं." जॅक कुठे टेकवायचा ते त्याला माहीत होतं. दाराखालच्या पट्टीवर त्यासाठी खाचा असतात, तिथंच लावायचा, नाहीतर पत्रा दबतो. मागच्या चाकांना विटा लावायच्या हेही तो चुकवत नसे. पण आमच्याकडे जॅक होता तो गाडीबरोबर आलेला, दांडा फिरवून वर नेण्याचा. तो रस्त्यात पंक्चर झालं तर चाक बदलण्यापुरता. त्याच्यावर गाडी टांगून ठेवून माणसानं आत शिरायचं नसतं, हे आम्हा कोणाच्याच मनात आलं नव्हतं. आणि खालची जमीन. मागच्याच महिन्यात गटारासाठी खणून तिथले पेव्हर ब्लॉक परत बसवले होते. पाय ठेवला की एखादा ब्लॉक खालून ‘डुब’ करायचा.

त्या रविवारी मी आणि वहिनी गच्चीवर होतो. खानदेशातल्या घरांत या दिवसांत ज्वारीचे बिबडे, म्हणजे वाळवणाचे पापड, घालतात. दादाच्या युनिटमधून डाग पडलेल्या म्हणून बाजूला काढलेल्या साड्या आणलेल्या होत्या, त्या पसरून त्यांवर आम्ही बिबडे थापत होतो. गुलाबी, मोरपंखी, त्यावर पांढरे गोल बिबडे. ऊन चढत होतं. खालून दादाच्या पान्याचा आवाज येत होता, मधेच तो थांबायचा. पुढचं डावं चाक काढून भिंतीला टेकवलेलं मी वरून पाहिलं होतं. ब्रेकचं काम होतं. वारा पूर्ण पडला होता. साडीचा एक पदरसुद्धा हलत नव्हता.

"अजून एक साडी लागेल," वहिनी म्हणाली. मी आणायला खाली गेले.

जिन्यात असतानाच गाडीचं दार धाडकन बंद झाल्याचा आवाज आला.

मी घराच्या दारात आले. आबा गाडीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, मांडीवर डब्याची पिशवी. गाडीचा डावा कोपरा वर उचललेला, चाकाच्या जागी उघडी पोलादी तबकडी. आणि त्या उघड्या जागेच्या मागे, भिंत आणि गाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, गोणपाटावर दादाचे दोन पाय. कमरेपासून वरचा दादा गाडीखाली होता. चाक काढलंच आहे तर ऑइल कुठून गळतंय तेही बघावं, म्हणून आत सरकलेला.

"कोण आहे?" गाडीखालून आवाज आला. "गाडीला हात लावू नका!"

आबा रुमालानं काच आतून पुसत होते. सावकाश, कोपऱ्यापर्यंत. त्यांच्या प्रत्येक हालचालीबरोबर गाडी किंचित डुलत होती आणि जॅकमधून बारीक करकर येत होती. पुढे काय होणार ते मला पाठ होतं. आता आरसा. आणि आरशानंतर हँडब्रेक.

धावत जाऊन त्यांना ओढून काढावं असं वाटलं. पण ओढाओढीत गाडी हलणार. ओरडावं, तर आबा दचकणार. मी चालत चालत त्यांच्या खिडकीपाशी गेले, बॉनेटच्या पुढून पलीकडची पट्टीही दिसेल अशी.

"आबा," मी म्हटलं, "जरा थांबा. खाली सुरेशदादा आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजर ओळखीची होती, पण कुठल्या तरी जुन्या वर्षातली. "सुरेश शाळेत गेला," ते म्हणाले. "परीक्षा आहे त्याची." आणि हँडब्रेकचं बटण दाबून तो खाली सोडला.

गाडी मागे सरकली. अगदी थोडी. मागच्या विटांवर रेलली आणि विटांचा चुरा होत असल्याचा खरखर आवाज आला. जॅक वाकडा झाला. मला तो तिरपा दिसत होता, आणि त्याच्या पायाखालचा ब्लॉक एका बाजूनं वर आला होता. दादाच्या पायांची बोटं ताठ झाली. त्याला कळलं होतं.

"किल्ली कुठंय?" आबांनी विचारलं. "उशीर होतोय. साहेब वाट बघत असतील."

आज रविवार आहे, तुम्ही निवृत्त झालात, हे मी गेले कित्येक दिवस सांगत होते. त्याचा उपयोग नव्हता. ते जिथं होते तिथं मलाच जावं लागणार होतं. कसं सुचलं माहीत नाही, पण मी म्हटलं, "आबा, साहेबांचा निरोप आलाय. ते जीप पाठवतायत तुम्हाला न्यायला. मार्च एंडिंगची गर्दी, गाडी लावायला जागा नाही म्हणाले. तुम्ही ब्रेक ओढा आणि बसून राहा. जीप आली की मी सांगते."

"जीप?" त्यांचा चेहरा उजळला. "साहेबांनी पाठवली?"

"हो. ब्रेक ओढा ना आबा. ढाळ आहे इथं."

"ढाळ आहे, खरंय," ते म्हणाले, आणि जन्मभराच्या सवयीनं त्यांनी हँडब्रेक वर ओढला. कट-कट-कट. एकेक दाता अडकत गेला. गाडी विटांवर स्थिर झाली. पण जॅक तसाच वाकडा.

"दादा," मी आवाज न चढवता म्हटलं, "हळू बाहेर ये. गाडीला धरू नकोस. आबा बसलेत, ते हलणार नाहीत."

"कोणाशी बोलतेस?" आबांनी विचारलं.

"शेजारच्यांशी. आबा, तुमच्या साहेबांचं नाव काय हो?"

मग आबा सांगत राहिले. साहेब किती कडक, पण कामाच्या माणसाला कसा मान देतात. एकदा रात्रभराचं काम संपल्यावर सगळ्यांना कशी फाफडा-जिलेबी खाऊ घातली. मी खिडकीवर हात न टेकवता ऐकत होते, आणि पलीकडे जमिनीलगत एक माणूस इंचाइंचानं भिंतीकडे सरकत होता. आधी कंबर, मग पोट, मग घामानं अंगाला चिकटलेला सदरा. त्याची हनुवटी गाडीच्या कडेखालून निघताना थांबली. त्यानं मान वळवली, गाल जमिनीला घासत बाहेर काढला. मग तो भिंतीला पाठ लावून उठला आणि तसाच बाजूबाजूनं पुढे आला. त्याच्या एका गालावर काळं ऑइल होतं, दुसऱ्यावर ओरखडे. ओठ पांढरे पडले होते.

"आली वाटतं जीप," आबा म्हणाले. रस्त्यावरून कुठलातरी टेम्पो चालला होता. मी "थांबा" म्हणायच्या आत त्यांनी दार उघडलं आणि ते उतरले.

त्यांचं वजन उतरताच गाडी उजवीकडून वर आली, आणि जॅक निसटला. तो आवाज कशासारखा होता ते मी सांगू शकत नाही. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. जशुबेन ओरडत बाहेर आल्या, "शुं थयुं? शुं थयुं बेन?" गच्चीवरून वहिनी वाकून दादाला हाका मारत होती. उघडी तबकडी ब्लॉकमध्ये रुतली होती. ऑइल धरायला ठेवलेला पत्र्याचा ट्रे दादाच्या छातीशी होता, तो पापडासारखा चपटा झाला होता.

आबा सुखरूप होते. पिशवी हातात धरून ते पडलेल्या गाडीकडे बघत होते. मग दादाजवळ आले. त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि परक्या माणसाशी बोलावं तशा सभ्यपणे म्हणाले, "भाऊ, तुमची गाडी आहे का? जरा नीट लावत जा. लहान मुलं असतात इथं."

दादा खाली बसला. गुडघ्यांत डोकं घालून रडला. आबांना तो का रडतोय ते कळेना. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "यांना पाणी देतेस का, बाई?"

त्या दिवशी दुपारपर्यंत आबा ओट्यावर जीपची वाट बघत बसले. दुसऱ्या दिवशीही. पूर्ण मार्चभर ते रोज तयार होऊन बसायचे आणि मी फाटकातून आत आले की विचारायचे, "जीप निघाली का?" मी म्हणायचे, "निघालीय, वाटेत आहे." ऊन तापत गेलं, परीक्षा संपल्या, पेपर तपासून झाले. एप्रिलमध्ये एक दिवस त्यांनी शर्ट घातलाच नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पुढे त्यांची मराठी गेली, गुजराती तर आधीच गेली होती. शेवटी फक्त लहानपणची अहिराणी उरली. मी वाटीतून भरवायला बसले की ते मी कोण असं प्रेमानं विचारायचे, "तू कोन शेस व माय?" त्यानंतरच्या एका पावसाळ्यात ते गेले.

आबांच्या विसरण्याबद्दल डॉक्टर तेव्हा एक गोष्ट बोलले होते. म्हणाले, हे तुम्हाला आत्ता दिसलं, पण सुरू फार आधी झालं असणार. पन्नाशीतच. घरच्यांना कळत नाही. माणूस स्वतःच झाकून नेतो, सवयींच्या आधारानं चालवून नेतो.

त्या अपघातानंतर दादानं गाडी उचलायचं सोडलं नाही. मला वाटलं होतं, सोडेल. त्यानं दोन भक्कम लोखंडी स्टँड आणले, गॅरेजवाले ज्यांना घोड्या म्हणतात ते. पार्किंगचे ब्लॉक उखडून सपाट काँक्रीट करून घेतलं. चाकांना लावायला लाकडाच्या पाचरी बनवून घेतल्या. आता तो आधी गाडीची चारही दारं बंद करून किल्ली माझ्या हातात देतो. पाचरी लावतो, जॅकनं वर घेतो, घोड्या सरकवतो, गाडी त्यांच्यावर उतरवतो. मग दोन्ही हातांनी गाडीला जोरात हिसका देऊन बघतो. ती हलली नाही तरच आत जातो. गाडी बदलली, केस पांढरे झाले, पण हे बदललं नाही. मी ते सगळं उभ्यानं पाहते. त्याचा तो क्रम बघताना मला बरं वाटायचं. एवढी काळजी घेणाऱ्या माणसाला काय होणार?

या रविवारी मी गेले. वहिनी देवळात गेली होती. गल्लीत परीक्षेच्या दिवसांची शांतता होती. दादानं किल्ली माझ्या हातात दिली. पाचरी लावल्या, गाडी वर घेतली, दोन्ही घोड्या खाली सरकवल्या, गाडी उतरवली. हिसका दिला. गाडी दगडासारखी उभी होती. त्यानं गोणपाट अंथरलं, गुडघे टेकले, आणि मान वर करून मला विचारलं, "घोड्या लावल्या ना मी?"

"लावल्यास की," मी म्हटलं. "आत्ताच तर."

"हां." त्यानं हात पुसले. पाना उचलला. गोणपाटावर आडवा व्हायला लागला आणि पुन्हा थांबला.

"मंजू, घोड्या लावल्या का गं?"

आवाजात गंमत नव्हती. विचारायची तऱ्हा अगदी पहिल्यांदा विचारल्यासारखी होती. त्याचा उजवा हात त्यातल्याच एका घोडीवर टेकलेला होता. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नेहमीचाच दादा. जास्त काळजी घेणारा दादा. एवढ्या मोठ्या प्रसंगातून गेलेला माणूस दहादा विचारेल, त्यात काय, असं मी स्वतःला सांगितलं. तेवढ्यात मला त्याचं वय आठवलं. पन्नाशी उलटलेली.

"दादा," मी म्हटलं, "आज राहू दे. उद्या गॅरेजला देऊ."

दादा गाडीच्या बाबतीत कोणाचं ऐकत नाही. बायकोचं नाही, माझं तर कधीच नाही. मी वाट पाहत होते की तो आता चिडेल. घाई असते त्यांना, म्हणेल. पाना माझ्यावर उगारेल.

"बरं," तो म्हणाला. पाना खाली ठेवला, आणि उठून निमूटपणे घरात गेला.